तुम्ही विचारलंत म्हणून: मॅक्रोसाठी फ्लॅश कुठला घेऊ?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न येतोच, आंबोलीला चाललोय, मॅक्रो लेन्स (किड्यामुंग्या अगदी जवळून काढायची) घेतली, आता रिंग फ्लॅश (लेन्सभोवती बसणारा गोल) घेऊ का ट्विन (लेन्सच्या दोन बाजूंना दोन छोटे)? माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे. हॉटशूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसणारा साधा फ्लॅश घ्या आणि खरी मेहनत डिफ्युझरवर, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणाऱ्या पडद्यावर करा.

मुळात फ्लॅश लागतोच का? तर १:१ ला (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा पडतो तेव्हा) लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी फोकसमध्ये जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर येतो, आणि लेन्स इतकी जवळ गेली की एफ/११ चा प्रकाश एफ/२२ सारखा पडतो, म्हणजे दोन स्टॉप गेले, प्रकाश पावपटच उरला. त्यात आंबोलीचं धुकं, झाडाखालचा अंधार, वाऱ्यावर हलणारं पान आणि गुडघ्यावर बसून थरथरणारे हात. फ्लॅश १/१६ पॉवरला साधारण सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात पेटून विझतो, त्यामुळे हात हलला तरी किडा शार्प येतो.

आता रिंग फ्लॅश. एका मित्राचा घेऊन मी एकदा सोनकिडा काढला होता, तासभर चिखलात बसून, आणि घरी येऊन बघतो तर पाठीवरचा तो हिरवा-निळा रंग जाऊन तिथे मेदूवड्यासारखं पांढरं वर्तुळ. फार वाईट वाटलं, कारण तो किडा परत दिसला नाही. रिंगचा प्रकाश चारी बाजूंनी सारखा येतो, सावलीच पडत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरांना तो उत्तम, पण किड्याला गोलाई सावलीनेच येते. ट्विन फ्लॅश (कॅननचा एमटी-२६ईएक्स, निकॉनचा आर१सी१ वगैरे) चांगलेच आहेत, दोन्ही बाजूंचा प्रकाश कमीजास्त करता येतो, पण महाग, आणि डिफ्युझर त्यांनाही लावावाच लागतो, नाहीतर कोळ्याच्या प्रत्येक डोळ्यात दोन-दोन ठिपके.

खरी गोष्ट आहे प्रकाश किड्याला केवढा दिसतो ही. भर दुपारचं ऊन कडक आणि ढगाळ आभाळाचा उजेड मऊ का, तर सूर्य एवढासा दिसतो आणि आभाळ केवढं तरी मोठं. फूटभर लांबचा उघडा फ्लॅश मुंगीसाठी सूर्य आहे. तोच आठ इंच रुंद डिफ्युझरमागे घालून चार-पाच इंचांवर आणला की तिच्या डोक्यावर आभाळ आलं. मी टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम वापरतो, त्याच्या आत थोडी जागा सोडून ट्रेसिंग पेपरचा एक थर. ती मधली जागा सोडाच, दोन थर चिकटवले तर प्रकाश पसरायच्या आत बाहेर पडतो आणि मधोमध पांढरा डाग राहतो.

फ्लॅश म्हणाल तर गोडॉक्सचा टीटी३५० पुरतो, डबल एचे दोन सेल, हलका, दिवसभर मान दुखत नाही. सेटिंग मॅन्युअल, शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००, पॉवर १/८ पासून सुरू करा. मॅग्निफिकेशन तेच तर किड्याचं अंतरही तेच, म्हणून एकदा जमलेली पॉवर फार बदलावी लागत नाही, टीटीएलच्या (कॅमेरा स्वतःच फ्लॅशची पॉवर ठरवतो त्या सेटिंगच्या) मागे लागू नका. मागचं सगळं काळं येत असेल तर पॉवर वाढवून उपयोग नाही, पुढचा किडा पांढराफटक होईल, त्यापेक्षा जिथे मागे जवळच एखादं पान आहे असा कोन शोधा.

आणि जायच्या आधी घरी एक करून बघा. स्टीलचा चमचा पालथा ठेवा आणि त्याचा फोटो काढा, सोनकिड्याची पाठ साधारण अशीच चमकते. त्यात डिफ्युझरचं प्रतिबिंब कडेला विरत गेलेलं दिसलं तर काम झालं, कडा धारदार दिसली तर ट्रेसिंग पेपरचा अजून एक थर लावा आणि परत काढा.