सपाट रेषेचे तीन आठवडे

पेशीपटलातील सीएफटीआर ही क्लोराइड वाहिनी (क्लोराइड आयनांना वाट देणारे प्रथिन) फॉस्फोरिलेशनशिवाय, म्हणजे फॉस्फेट गट जोडल्याशिवाय, जवळजवळ उघडतच नाही, हे मी परीक्षेत अनेकदा लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र पॅच क्लॅम्पसमोर (काचेच्या बारीक पिपेटने पटलातून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र) तीन आठवडे सपाट, म्हणजे प्रवाह नसलेली, रेषा पाहिल्यावर कळला.

पेशी वाढवणे आणि पिपेट पटलाला घट्ट चिकटून सील जमणे फारसे अवघड गेले नाही. अखंड पेशीला फोर्स्कोलिन हे रसायन देताच सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढला, त्याने प्रोटीन किनेज-ए (फॉस्फेट चढवणारे विकर) कार्यान्वित झाले आणि प्रवाह दिसू लागला. अडचण आली ती पटलाचा तुकडा पेशीपासून तोडून त्याची आतली बाजू द्रावणाकडे आणल्यावर. एटीपी (पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू) दिले, काहीच नाही. किनेजची सोबत दिली, तरीही नाही. मी एटीपी ताजे केले, मॅग्नेशियम तपासले (त्याच्याविना किनेजचेही काम चालत नाही), पिपेटला दोष दिला. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "किनेजची ही कुपी आजवर किती वेळा वितळवली?" सामायिक फ्रीझरमधली ती कुपी कित्येकदा वितळवून पुन्हा गोठवली गेली होती आणि त्यावर एकही नोंद नव्हती, शिवाय नव्या कुपीचा मागणी अर्ज एका सहीसाठी नऊ दिवस पडून राहिला. किनेज आल्याच दिवशी लहान भागांत वाटून गोठवावे, हे मी आता चिडूनच सांगतो.

नवे किनेज दिल्यावर काही मिनिटांत रेषेला पायऱ्या फुटल्या, म्हणजे वाहिन्या एकेक करून उघडू-मिटू लागल्या. किनेज धुऊन काढले, तरी केवळ एटीपीवर वाहिनी उघडत राहिली. एटीपी काढताच मिटली. फॉस्फेट नसलेला आर डोमेन (वाहिनीचाच एक भाग) तिच्या दोन एटीपी-बंधक भागांच्या मध्ये अडसरासारखा बसतो. त्याच्या अनेक सेरीनांवर (सेरीन हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चढले, की तो बाजूला होतो, ते भाग एटीपीसह जुळतात आणि वाहिनी उघडते. एका एटीपीचे विघटन झाले, की ती मिटते. म्हणजे फॉस्फोरिलेशन हे एकच बटण नव्हे. जितके फॉस्फेट चढतील, तितकी वाहिनी अधिक वेळ उघडी राहते.

एक सांगायचे राहिले: दोन्ही बाजूंना क्लोराइड सारखेच असेल, तर शून्य व्होल्टेजला प्रवाह दिसत नाही, माझा पहिला दिवस त्यातच गेला. तसेच तोडलेल्या पटलाबरोबर फॉस्फेटेजही येतात, ते फॉस्फेट काढत राहतात आणि एटीपी असूनही प्रवाह ओसरतो. सील गेला असे समजून मी दोन उत्तम तुकडे फेकून दिले. तिसऱ्याला पुन्हा किनेज दिले, तेव्हा पायऱ्या परतल्या.