क्रुशिन्यानीत माणसं किती? एका पोलिश गावाचा शोध घेताना

पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेलगत क्रुशिन्यानी हे छोटं गाव आहे. बियाविस्तोक शहरापासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर. गावात हिरव्या रंगाची एक लाकडी मशीद आहे, ऑर्थोडॉक्स चर्च आहे आणि झाडीत एक जुनं मुस्लिम दफनस्थान आहे. या गावावर मराठीत एक नोंद लिहायची, इतिहास आणि लोकसंख्या तपासून घेऊन, असं मी वॉर्सात नोकरी करता करता मनावर घेतलं. मी मूळचा कोल्हापूरचा. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून हाकलले गेलेले पाचेक हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, आमच्या वळिवड्यात राहून गेले. त्यामुळे सीमेवरच्या पोलिश गावांचं काय झालं, हा प्रश्न मला पहिल्यापासून जवळचा वाटतो.

लोकसंख्या 160 असा आकडा लगेच मिळतो. पण तो कोणत्या सालचा आणि कोणी मोजलेला, हे सहसा कुठे दिलेलं नसतं. तेवढ्यावर नोंद लिहिणं मला पटेना.

सगळ्यात आधी गावाची ओळख पक्की केली. क्रुशिना, क्रुशिन अशा नावांच्या वस्त्या पोलंडभर आहेत. सरकारी नोंदवहीत प्रत्येक वस्तीला सात आकडी क्रमांक असतो. तो एकदा हाती आला की घोटाळा होत नाही. आज हे गाव क्रिन्की ग्मिनेत, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण तालुक्याहून लहान अशा पंचायतीत येतं. जिल्हा सोकूव्का. 1975 ते 1998 या काळातल्या कागदांत मात्र प्रांत म्हणून बियाविस्तोक दिसतो, कारण 1999 च्या फेररचनेत 49 प्रांतांचे 16 झाले. जुना कागद वाचताना हे ध्यानात ठेवावंच लागतं.

मग आकडे. पोलंडच्या सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर माहितीचा खजिना आहे, पण बहुतेक तक्ते ग्मिनेपाशी थांबतात. गावनिहाय लोकसंख्या हवी असेल तर जनगणनेचे वेगळे तक्ते उघडावे लागतात. शेवटची जनगणना 31 मार्च 2021 ची. त्यातही लहान गाव असेल तर पुष्कळ रकाने मुद्दाम झाकलेले असतात. दोन-चार माणसांचा रकाना छापला तर माणूस ओळखू येईल, म्हणून. हे मला योग्यच वाटलं.

दुसरी वाट ग्मिनेच्या कार्यालयाची. आपल्याकडे माहिती अधिकार 2005 साली आला. पोलंडमधला तसा कायदा 2001 चा आहे. कारण सांगावं लागत नाही आणि उत्तराची मुदत साधारणपणे 14 दिवसांची. मी साध्या पोलिशमध्ये ईमेल लिहिला: गावात नोंदणी असलेले रहिवासी किती? उत्तर मुदतीत आलं. पण ही संख्या 'मेल्दुनेक' असलेल्यांची, म्हणजे ज्यांचा कायमचा पत्ता गावाचा आहे त्यांची. जनगणना मोजते ती खरोखर राहणारी माणसं. रेशनकार्डावर नाव गावचं आणि माणूस मुंबईला, तोच प्रकार. तरुण मंडळी बियाविस्तोक, वॉर्सा गाठतात, पत्ता मात्र आईच्या घरचा राहतो. म्हणून नोंदीत दोन्ही आकडे त्यांच्या तारखेसकट वेगवेगळे द्यायचे ठरवले.

खरा आनंद जुन्या कागदांत मिळाला. 1880 ते 1902 या काळात वॉर्सात एक अवाढव्य भौगोलिक कोश निघाला. जुन्या पोलंडमधली गावं, नद्या, वाड्या त्यात वर्णानुक्रमे आहेत. 'क्रु'ची गावं 1883 च्या चौथ्या खंडात. पानं स्कॅन करून फुकट ठेवलेली आहेत, पण छपाई बारीक आणि जिकडेतिकडे संक्षेप. गाव, घरं, रहिवासी, सगळ्यांची एकेक-दोनदोन अक्षरं. शहरापासूनचं अंतर व्हर्स्ट या जुन्या रशियन मापात, कारण तेव्हा हा मुलूख रशियाच्या ग्रोदनो प्रांतात होता. पोलंडची तिसरी फाळणी 1795 ची. बियाविस्तोकचा भाग आधी प्रशियाकडे गेला आणि 1807 मध्ये तिल्झितच्या तहाने रशियाकडे आला. त्यामुळे या मुलखाचे कागद पोलिश, जर्मन आणि रशियन अशा तीन भाषांत विखुरलेले. सिरिलिक लिपी मी याच कामासाठी शिकलो. छापील अक्षरं पटकन जमतात, हस्तलिखितात डोळे फुटतात.

त्यानंतर 30 सप्टेंबर 1921 ची जनगणना, स्वतंत्र पोलंडची पहिली. तिचा गाववार निर्देशांक प्रांतवार छापला गेला. बियाविस्तोकचा खंड पाचवा. घरं, पुरुष, स्त्रिया, धर्म, राष्ट्रीयत्व, सगळं एका ओळीत. ज्याला पोलिश गाव समजून घ्यायचंय त्याने ही ओळ आधी वाचावी, असं माझं ठाम मत झालं आहे. क्रुशिन्यानी म्हटलं की लोक 'तातारांचं गाव', म्हणजे मूळच्या तुर्की भाषिक मुस्लिम समाजाचं गाव, म्हणून मोकळे होतात. पण गावात ऑर्थोडॉक्स शेतकरीही पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांना वगळून इतिहास लिहिणं अन्यायाचं ठरेल.

तातार इथे आले कसे, याची गोष्ट पगाराच्या थकबाकीची आहे. पोलंडच्या सैन्यातल्या तातार तुकड्यांचा पगार थकला. 1672 मध्ये त्यातल्या बऱ्याच जणांनी बंड करून तुर्कांची बाजू धरली. राजा यान सोबिएस्कीने पुढे तोडगा काढला: पैशाऐवजी जमीन. 1679 मध्ये क्रुशिन्यानी सामुएल मुर्झा क्शेचोव्स्की आणि त्याच्या सैनिकांना मिळालं. बदल्यात लष्करी चाकरी. पार्कानीच्या लढाईत क्शेचोव्स्कीने राजाचा जीव वाचवला असं गावात सांगतात. पण ती लढाई 1683 ची, म्हणजे जमीन मिळाल्यानंतरची. आख्यायिका म्हणून नोंदीत ती घेतली, जमिनीचं कारण म्हणून घेतली नाही.

कागद पुरे झाल्यावर गावात जाऊन आलो. मशिदीच्या पुढच्या अंगाला दोन चौकोनी मनोरे, वर चंद्रकोर. लांबून पाहिलं तर त्या भागातल्या लाकडी चर्चचीच घडण वाटते. आत बायकांची जागा वेगळी, मधल्या भिंतीत पडदा लावलेली लांबट खिडकी. दफनस्थान पाइनच्या झाडीत, टेकाडावर. दगडांवर कुठे अरबी, कुठे रशियन, कुठे पोलिश अक्षरं. नाव मुस्लिम आणि आडनाव 'स्की' किंवा 'विच'ने संपणारं. या लोकांची मूळ तुर्की भाषा शतकांपूर्वीच सुटली. धर्मग्रंथही ते पोलिश आणि बेलारूसी भाषेत, पण अरबी लिपीत लिहीत राहिले. मशीद दाखवणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, वर्षभर इथे राहणारी तातार घरं किती? त्यांनी बोटांवर मोजली आणि एका हातात मोजणी संपली.

1945 नंतर सीमा सरकली आणि तातारांच्या बहुतेक मशिदी पलीकडे, सोव्हिएत बाजूला राहिल्या. जुन्या लाकडी मशिदींपैकी आजच्या पोलंडमध्ये उरल्या दोनच: क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी. 2011 च्या जनगणनेत स्वतःला तातार म्हणवणारे सबंध देशात 1916 होते.

2021 च्या सप्टेंबरमध्ये सीमेवरच्या 183 वस्त्यांत आणीबाणी लागली आणि क्रुशिन्यानीत बाहेरच्यांना मज्जाव झाला. पाहुण्यांवर चालणारी खानावळ, मशिदीची वर्दळ, सगळं थांबलं. जनगणनेचा आकडा त्याच्या पाच महिने आधीचा आहे, हे वाक्य मी नोंदीत तळटीपेत न टाकता आकड्याच्या शेजारीच लिहिलं. आता याच पद्धतीने बोहोनिकीचं काम हाती घेतलं आहे. 1921 च्या जनगणनेतली तिथली ओळ काल सापडली.