रॅलीसाठी जिप्सी तयार केली, त्याचा हिशोब

जिप्सी मोटार रॅलीला, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीला घेतली म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, इंजिनाला काय काय केलंस. काय नाही केलं भावा. शर्यतीतल्या माझ्या क्लासच्या (गटाच्या) नियमात बसायचं तर इंजिन कंपनीनं दिलंय जवळपास तसंच ठेवावं लागतंय, पैसा सगळा गेला सेफ्टीच्या पाइप, सीटबेल्टचे पट्टे आणि सीटमध्ये, ज्यानं गाडी एका सेकंदानंसुद्धा फास्ट होत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं रोलकेजनं, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपच्या पिंजऱ्यानं. एफआयए म्हणजे जगभरच्या मोटारस्पोर्टची संघटना, तिच्या अपेंडिक्स जे या नियमावलीत 253 नंबरचं कलम आहे सेफ्टीचं, त्यात मेन हूपला (सीटमागच्या मुख्य कमानीला) सीमलेस म्हणजे बिनजोडाचा, कोल्ड ड्रॉन म्हणजे थंडच ओढून केलेला पाइप लागतो, 45 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडी, नाहीतर 50 मिमी व्यासाला 2 मिमी जाडी. आता उद्यमनगरात पाइप वाकवून मिळत नाही असं कधी होतंय व्हय, पण जिथं जाईल तिथं वर्कशॉपवाले मामा आधी गॅस पेटवायच्या तयारीत. म्हटलं मामा, नियमानं गरम करायचाच नाही, थंडच वाकवायचा. तर म्हणाले, "अरे लोण्यागत वाकतोय की गरम केल्यावर!" शेवटी एका सायलेन्सरवाल्याकडच्या हायड्रॉलिक बेंडरवर काम झालं आणि मी पाइपच्या प्रत्येक वळणावर व्हर्नियर (व्यास मोजायची पट्टी) लावत बसलो, कारण वाकताना पाइप चपटा झाला तर लहान व्यास मोठ्याच्या 90 टक्क्यांखाली जाऊन चालत नाही. केजच्या प्रत्येक पायाखाली किमान 3 मिमी जाडीची, 120 चौरस सेमीची प्लेट आणि 8.8 ग्रेडच्या मजबुतीचे तीन एम8 (8 मिमीचे) बोल्ट. जिप्सीचं छत उतरवता येतं म्हणून पाइपभोवती पूर्ण गोल वेल्ड बसला, बंद गाडीला छत आडवं येतं, तिथंच जीव जातो.

सीटबेल्टच्या पट्ट्यांचं दुखणं वेगळंच, एकदाही अपघात न बघितलेला पट्टा लेबलवरची तारीख उलटली की रद्दी. एकजण ऑनलाइन अर्ध्या किमतीत देतो म्हणाला, फोटो मागितला तर लेबलच कापलेलं! सरळ नवीन घेतले. हेल्मेट, हान्स (मान झटक्यापासून वाचवणारी पट्टी), सूट हे सगळं शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या को-ड्रायव्हरसाठी पण लागतंय, म्हणजे खर्च डबल.

आणि वरच्या लोकांना पण खर्च झेपत नाही बरं का, 2027 पासून डब्ल्यूआरसीच्या (रॅलीच्या जागतिक स्पर्धेच्या) गाडीच्या किमतीला 3,45,000 युरोची मर्यादा ठरवलीय, म्हणजे तीन कोटींच्या वर. स्वस्त म्हणे!

रॅलीसाठी कोइम्बतूरला गाडी ट्रकवर टाकून नेली, भाडं एंट्री फीपेक्षा जास्त. स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, साहेबांनी छोटा आरसा घालून वेल्डची मागची बाजू बघितली, मग किल स्विच (गाडी एकदम बंद करायचा स्विच) आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून ओढायला लावला, इंजिन बंद पडलं तेव्हा कुठं स्टिकर दिला. सीट अजून चालतील, पट्ट्यांची तारीख मात्र आधी संपतीय, त्यासाठी आता टायरच्या बजेटला कात्री लावतोय.