जिना उतरतानाच मांड्या का ठणकतात

गेल्या रविवारी दोन-तीन महिन्यांच्या गॅपनंतर शंभर उठाबशा काढल्या, त्या दिवशी काहीच झालं नाही, सोमवारी जरा जड वाटलं आणि मंगळवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला. चढताना एवढं नाही, पण उतरताना प्रत्येक पायरीला कळ.

आपण म्हणतो ना, अंग आंबलंय. शब्द इतका चपखल आहे की लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुखतं हे लगेच पटतं, मीही कित्येक वर्षं तेच धरून चाललो होतो. पण ते व्यायामानंतर साधारण तासाभरात उतरून जातं, आणि हे दुखणं सुरूच होतं 12 ते 24 तासांनी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. अमेरिकन शरीरक्रिया-शास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच मांडलं होतं की स्नायूच्या आतच बारीक इजा होते म्हणून हे दुखतं. आणि ही इजा मुख्यतः कधी होते, तर स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा, म्हणजे उठाबशीत खाली बसताना, वजन हळूहळू खाली आणताना, उतारावर धावताना. जिना उतरतानाही मांडीचं तेच काम असतं, म्हणून तिथेच कळ.

मग करायचं काय? झोपून राहू नका. मी रोज वीस मिनिटं सावकाश चाललो, चालताना बरं वाटायचं, बसलो की परत आखडायचं, तरी चाललो. मसाजने थोडा आराम पडतो. स्ट्रेचिंगने मात्र फारसा फरक पडत नाही, आधी करा नाहीतर नंतर, त्यामुळे दुखतंय तिथेच जोर लावून ओढत बसू नका. वेळ आणि झोप, खरं काम यांचंच.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नका. लघवी चहासारखी गडद झाली, स्नायू खूप सुजला किंवा हातापायातली ताकदच गेली तर सरळ डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी, कारण तुटलेल्या स्नायूतून रक्तात येणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीला इजा करू शकतं. सांध्यातच एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल तर तेही वेगळं, ते दाखवून घ्या.

आज शुक्रवार, जिना नीट उतरता येतोय. स्नायू एकदा यातून गेला की पुढचे काही आठवडे त्याच व्यायामाने बरंच कमी दुखतं, म्हणून आता सोडायचा नाहीये, उद्या तीसच उठाबशा काढणार, पुढच्या आठवड्यात चाळीस.