पहाटे पावणेपाचचं पाणी

दुपारी अडीचला मीटरने विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११.६ मिलिग्रॅम दाखवला. पाण्याचं तापमान होतं २४ अंश. एवढ्या तापमानाला हवेतून पाण्यात साधारण ८.४ मिलिग्रॅमच विरघळतो. म्हणजे ओढा ऑक्सिजनने तुडुंब भरलेला. मी आकडा फॉर्मवर लिहिला, वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची बूट जोडलेली जलरोधक पँट, चढवले आणि जाळी घेऊन पाण्यात उतरले.

हंगामी तंत्रज्ञ म्हणून तो माझा पहिलाच उन्हाळा. खळाळत्या उथळ पाण्यात जाळी तळाशी टेकवायची आणि तिच्या वरच्या अंगाला तीन मिनिटं पायाने दगडगोटे ढवळायचे. सुटलेले किडे प्रवाहच जाळीत आणून सोडतो. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्याने वेचायचं. सुरुवात नेहमी प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या जागेपासून, नाहीतर आपणच केलेला गढूळपणा पुढच्या नमुन्यात येतो.

त्या दिवशी खालच्या जागेच्या ट्रेमध्ये लाल अळ्याच अळ्या वळवळत होत्या. कायरोनोमस माशीच्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात. बाकी थोडे गाळातले किडे आणि एक जळू. मेफ्लाय, म्हणजे ज्याच्या पिल्लांना भरपूर ऑक्सिजन लागतो तो किडा, एकही नाही. मला वाटलं, माझंच ढवळणं कमी पडलं. पुन्हा तीन मिनिटं ढवळलं, पण ट्रे तसाच.

वरच्या जागेवर मात्र पहिलाच दगड उलटला आणि त्याच्या पाठीला चिकटलेली मेफ्लायची चपटी पिल्लं इकडेतिकडे सरकली. एक ट्रेमध्ये घेतलं. शेपटीचे तीन तंतू, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले. ट्रेमधलं पाणी स्थिर, म्हणून ते कल्ले भराभर हलायला लागले. वाहत्या ओढ्यात ताजं पाणी आपोआप मिळतं, इथे ते त्याला स्वतः खेळवावं लागत होतं. मी बराच वेळ बघतच राहिले. त्याच दगडावर कॅडिसफ्लाय या किड्याच्या अळ्यांची वाळूच्या कणांची घरंही होती.

दोन जागांमध्ये अंतर जेमतेम चालत दहा मिनिटांचं. माझ्या वरिष्ठ मॅडमना मी म्हटलं, "मीटर बिघडलाय बहुतेक. खाली ऑक्सिजन भरपूर दाखवतोय, पण किडेच नाहीत."

त्यांनी मीटर तपासला, कॅलिब्रेशन, म्हणजे ठरावीक मापाशी जुळवणी, पुन्हा केलं. मीटर ठीक होता. मग त्यांनी खालच्या जागेचा एक दगड हातात घेतला. त्यावर हिरव्या शेवाळाचा जाड थर होता आणि त्यातून बारीक बुडबुडे सुटत होते. "मीटर आत्ताचं सांगतो," त्या म्हणाल्या. "किडे महिनोन् महिने इथेच राहतात, ते रात्रीचंही सांगतात. उद्या पहाटे येऊ."

पावणेपाचला आम्ही दोघी हेडलॅम्प लावून ओढ्यात उभ्या होतो. अंधारात पाय टाकायला भीती वाटत होती, म्हणून काठाला दोर बांधला होता. पाणी २१ अंशांवर उतरलं होतं. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, पण मीटरवर होता २.६.

मॅडमनी खात्रीसाठी विंकलरची पद्धतही वापरायला लावली. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ साली दिलेली, आजही मीटर पडताळायला ती वापरतात. बाटली हवेचा बुडबुडा न राहता भरायची, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन भरपूर असला की तपकिरी साका बसतो, अजिबात नसला की पांढरा. आदल्या दुपारच्या बाटलीत गडद तपकिरी साका होता. टॉर्चच्या उजेडात ही बाटली धरली, तर साका फिकट मळकट, दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तसा. टायट्रेशनचा, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून काढलेला, आकडा मीटरशी जुळला.

शेवाळ दिवसा उजेडात ऑक्सिजन तयार करतं. रात्री उजेड नसतो, पण त्याचं श्वसन चालूच असतं. गाळातले जिवाणूही ऑक्सिजन घेतच राहतात. उजाडायच्या तोंडावर पाणी सगळ्यात रितं. तेव्हा मेफ्लायची पिल्लं गुदमरतात, आणि आपण मोजायला येतो दुपारी, सोयीच्या वेळी. आधीच्या भेटींचे फॉर्म काढून पाहिले. खालच्या जागेची प्रत्येक नोंद अकरा ते तीनमधली होती. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मॅडमनी तिथेच वेळापत्रक बदललं. खालच्या जागांवर यापुढे सूर्योदयाआधी एक आणि दुपारी एक मोजणी. दर नोंदीपुढे वेळ लिहायची सक्ती.

आम्ही तिथेच थांबून तासातासाला आकडा घेतला. आठला ४.३. साडेदहाला ९.१, आणि शेवाळावर पुन्हा बुडबुडे धरायला लागले होते.