लेकीला शेंगदाणा चालत नाही: इंदूर ते व्हिएन्ना, तीन आठवडे

आमच्या घरात दाण्याचं कूट नाही. इंदूरच्या मराठी मंडळींत हे सांगितलं की आधी कुणाला खरंच वाटत नाही. आमच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत भाजलेले तीळ नाहीतर सुकं खोबरं पडतं, कारण सात वर्षांच्या लेकीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तिला घेऊन जातो ते रोषणाई बघायला. एकच झारा चार कढयांत फिरताना दिसतो, मग भुट्ट्याचा कीससुद्धा घेऊन देववत नाही. "थोडंसं देऊन बघा, सवय होईल" हा सल्ला राजेंद्र नगरातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला मिळालाय. कृपा करून असं कुणाला सांगू नका.

नणंद व्हिएन्नाला असते. मे महिन्याच्या सुट्टीत यायचा तिचा आग्रह होता. तिकिटांच्या आधी आम्ही डॉक्टर गाठले. मांडीत दाबून टोचायचं अ‍ॅड्रेनलीनचं तयार पेन, म्हणजे अशा झटक्यात तातडीने द्यायचं औषध, आपल्याकडे सहज मिळत नाही, बहुतेक वेळा बाहेरून मागवावं लागतं. आम्हाला डॉक्टरांनी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आणि सिरिंज दिली, वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली आणि भरायचं कसं हे दोघांकडूनही चार-चार वेळा करवून घेतलं. सोबत इंग्रजीत पत्र दिलं. त्यात अ‍ॅड्रेनलीन आणि एपिनेफ्रिन ही दोन्ही नावं लिहून घ्या, देशोदेशी नाव बदलतं. औषध हातातल्या पिशवीत, डोक्यावरच्या कप्प्यात नाही, पायाशी. तिकडे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी नणंदेने आधी वेळ घेऊन ठेवलेल्या बालरोगतज्ज्ञांनी दोन पेनं लिहून दिली, ०.१५ मिलिग्रॅमची, १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी असतात ती. दोन का, ते पुढे कळलंच.

विमानातलं जेवण तिला दिलंच नाही. बसताक्षणी ट्रे, हात ठेवायची जागा आणि पट्ट्याचं बक्कल ओल्या कापडाने पुसलं. पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी घरून नेली होती. तूप, पेढे, पनीर मात्र नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला युरोपीय संघात मनाई आहे.

व्हिएन्नात खाणं मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते, पाकिटावर आणि हॉटेलातल्या ताज्या पदार्थांबद्दलही. पाकिटावरच्या यादीत तो शब्द ठळक छापलेला असतो. शेंगदाणा म्हणजे ‘एर्डनुस’. हा एक शब्द रोमन लिपीत (Erdnuss) ओळखायला शिका, आम्ही लेकीलाही शिकवला. ऑस्ट्रियात मेन्यूवर पदार्थाच्या नावापुढे अक्षरं असतात: ई म्हणजे शेंगदाणे, एच म्हणजे बदाम-काजू-अक्रोड, पी म्हणजे लुपिन. हे लुपिन आपल्याला नवीन. ते शेंगदाण्याच्याच कुळातलं कडधान्य, त्याचं पीठ काही पावांत घालतात आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काहींना तेही बाधतं. म्हणून आम्ही ई आणि पी दोन्ही टाळले. पण पाठ केलेल्या अक्षरांवर विसंबून सीमा ओलांडू नका. जर्मनीत म्युनिकला दोन दिवस गेलो तिथे प्रत्येक हॉटेलाची अक्षरं वेगळी, अर्थ मेन्यूच्या शेवटच्या पानावर. काही ठिकाणी मेन्यूवर काहीच नसतं, तोंडी सांगतात. तेव्हा वाढणाऱ्याला नको, स्वयंपाकघरात विचारून यायला सांगा. आम्ही जर्मनमध्ये छापलेलं कार्ड आत पाठवत होतो: मुलीला शेंगदाण्याने जिवाला धोका आहे, तेल, चमचा, भांडं यांतूनही चालणार नाही.

"लेश असू शकतो" ही पाकिटावरची ओळ मात्र कंपनीच्या मर्जीवर असते. ती नसली म्हणजे माल निर्धोक, असं समजू नका. आइस्क्रीमच्या दुकानात एकच चमचा सगळ्या डब्यांत जातो, तिथे आम्ही बंद पाकिटातलंच घेतलं. आणि बागेत खेळताना डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. तिकडे शेंगदाणा घातलेले कुरकुरे मुलांच्या हातात सर्रास दिसतात.

एवढं सगळं सांभाळलं आणि घात झाला तो आपल्याच माणसांत. संकष्टीला एका मराठी घरी बोलावणं होतं. नणंदेने आधी फोन करून सांगितलं होतं, काकूंनी लेकीसाठी दहीभात वेगळा काढूनही ठेवला होता. कुणीतरी खिचडीतला चमचा त्या भातात घातला. पाच-सात मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला आणि आवाज बसला. माझा हात आधी अ‍ॅलर्जीच्या सिरपकडे गेला. नवऱ्याने थांबवलं. सिरपने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. त्याने पॅंटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन टोचलं. नणंदेने १४४ लावला, ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेचा तो नंबर, ११२ सगळ्या युरोपीय संघात चालतो. तिने ‘अनाफिलाक्सी’, म्हणजे जिवावर बेतणारा असा झटका, एवढा शब्द उच्चारला आणि पलीकडून पुढचे प्रश्न भराभर आले. लेकीला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. तिला धाप लागली होती म्हणून मी मांडीवर टेकवून बसवलं. गाडी येईपर्यंत श्वास सुधारला होता. दुसरं पेन लागलं नाही, पण पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर ते द्यावं लागतं. बरं वाटल्यावरही काही तासांनी पुन्हा उसळी येऊ शकते, म्हणून रात्रभर रुग्णालयात ठेवून घेतलं.

काकू सकाळी रुग्णालयात आल्या आणि माझा हात धरून रडल्या. त्यांचा काय दोष? तेव्हापासून आमचा नियम एकच: पंगतीत लेकीचं ताट सगळ्यांत आधी वाढायचं, आमच्या चमच्याने, आणि झाकून ठेवायचं. यजमानांना राग येईल ही भीती सोडा.

विम्याचं राहिलं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे ऑस्ट्रिया-जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण फॉर्ममध्ये अ‍ॅलर्जी लिहा, लपवू नका. आधीपासूनचा आजार म्हणून दावा अडू शकतो. आम्ही लिहिली होती. रुग्णालयाचे सगळे कागद मागून घेतले होते, मूळ जर्मन आणि इंग्रजी सारांश.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरला उतरलो तेव्हा धग तशीच होती. उरलेलं पेन गाडीत ठेवता येत नाही, फ्रीजमध्येही नाही, पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. देवघराशेजारच्या, ऊन न येणाऱ्या कपाटात ते ठेवलंय आणि त्याची मुदत संपायची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे.