ऑक्टोबरात ओपिओंगोवर जाताय? एक रात्र जास्तीची धरा

कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कला ऑक्टोबरात कनू (वल्ह्यांची अरुंद, उघडी होडी) घेऊन जातोय म्हटलं की सगळे पहिलं थंडीचंच विचारतात. थंडी असतेच, पण तिला लोकरीचे मोजे आहेत, शेकोटी आहे, गरम चहा आहे. वाऱ्याला काहीच नाही, तो पडेपर्यंत थांबायचं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या दिवसांत जाताना एक रात्र निव्वळ अडकून पडायला ठेवायचीच, आणि रजा टाकतानाच ती धरायची. तिथलं मुक्कामाचं परमिट कुठल्या तलावावर कुठली रात्र असं मिळतं, त्यामुळे आम्ही ओपिओंगो तलावावरच लागोपाठ दोन रात्री बुक केल्या होत्या.

आम्ही चौघं, दोन कनू, कॅनडाचं ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग उरकल्यावर टोरांटोहून निघालो. 1893 सालचा पार्क, साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला, आणि आत फिरायचं ते बहुतेक होडीनेच. मेपल तोवर बोडके झालेले असतात पण दलदलीच्या कडेचे टॅमरॅक (सुयांसारख्या पानांची झाडं) तेव्हाच पिवळेधमक होतात आणि माणूस तर दिसतच नाही, मला हेच दिवस आवडतात.

ओपिओंगो तिथला सगळ्यात मोठा तलाव. दुपारी पाऊस थांबला आणि वारा वायव्येकडून सुटला, म्हणजे आता थंड हवा येणार आणि लाटा चढणार हे कळलंच. एवढं लांबलचक मोकळं पाणी, अडवायला मध्ये काही नाही. आम्ही पश्चिमेचा किनारा धरला, वळसा पडतो पण झाडांचा आडोसा मिळतो. एका खाडीचं तोंड मात्र उघड्यावरच ओलांडावं लागलं. अशा वेळी सीटवर बसायचं नाही, गुडघे तळाला टेकवून बसायचं म्हणजे वजन खाली जातं, नाक लाटेला जरासं तिरकं ठेवायचं आणि काही झालं तरी वल्हवणं थांबवायचं नाही, कारण पाण्यात असलेलं वल्हंच तुम्हाला तोलून धरतं. पुढे वहिनी होती, प्रत्येक लाट तिच्या छातीवर फुटत होती आणि ती मागे न बघता "हाण... हाण... हाण..." करत ताल देत होती.

लाईफजॅकेटवर आमच्यात चर्चाच होत नाही, चेन वरपर्यंत लावलेली पाहिजे. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेक्ट यांचा 1-10-1 चा हिशोब आम्ही चौघांनी पाठ केलाय: गार पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी जेमतेम 10 मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. म्हणजे जे करायचं ते त्या 10 मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पांढरे फेसच फेस, मित्र किनाऱ्यावर जाऊन आला आणि म्हणाला, "आज नाय रे." विषय संपला. टार्प, म्हणजे डोक्यावरची ताडपत्री, एका बाजूने पार जमिनीपर्यंत उतरवला, लाकडं फोडली, भाजणी भिजवली. पार्कच्या आतल्या भागात टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे आणि आपल्या घरच्या खाण्याला ते काहीच लागत नाही, भाजणी, मेतकूट, पिठल्याचं पीठ, सगळं पिशव्यांत. तव्यावर थालीपीठ, बाजूला गरम भात-मेतकूट-तूप, वर पाऊस परत सुरू. संध्याकाळी सगळं खाणं अस्वलाच्या भीतीने दोरीने उंच टांगलं, पहाटे ती दोरी गोठून काठीसारखी ताठ झालेली, गाठ सोडायला तिच्यावर गरम पाणी ओतावं लागलं.

वारा पहाटे पडलेला होता. चहा न घेताच निघालो कारण या तलावावर दुपारचा भरवसा नसतो, उन्हं वर यायच्या आत उत्तर टोक गाठलं. तिथून हॅपी आयल लेकला जायचं पोर्टेज, म्हणजे होडी उचलून चालायची पायवाट, दोन किलोमीटरच्या वर आहे, कनू खांद्यावर, पायाखाली ओली पानं आणि चिखल, घाई करायची नाही. पुढच्या मर्चंट लेकचा बेत मित्राने तिथेच रद्द केला आणि कोणीही "पण..." म्हटलं नाही. परतताना ओपिओंगोवर परत एक रात्र ठेवली होती, ती लागली नाही, तरी पुढच्या वर्षीही ठेवणार.